खात्यात पैसे होते, सहीचा माणूस नव्हता: माझा अनुभव

छोट्या सामाजिक संस्थेचं सल्लागार म्हणून काम घेणार असाल, तर पहिल्याच बैठकीत एक प्रश्न विचारा: बँकेत सह्या कोणाच्या चालतात? आगाऊपणा वाटेल. वाटू दे.

आम्ही दोघी मैत्रिणी हे काम करतो. मी शिक्षक-प्रशिक्षणातली, ती मूल्यमापन करणारी. सदाशिव पेठेत वाड्याच्या माडीवर चालणारी एक संस्था शाळांमध्ये मानवी हक्क शिक्षणाचं काम करते, त्यांनी आम्हाला बोलावलं. एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) निधीतून शिक्षकांसाठी कार्यशाळा घ्यायच्या होत्या. पहिली १० डिसेंबरला, मानवी हक्क दिनाला. सत्रं आम्ही आखायची, साधनव्यक्ती आम्ही तयार करायच्या आणि शेवटी अहवालही आम्हीच द्यायचा.

तो भाग मजेत झाला. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातली ३० कलमं, त्यातलं शिक्षणावरचं २६ वं, पहिल्या कलमात ‘ऑल मेन’च्या जागी ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ यावं म्हणून अडून बसलेल्या भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता, आपली राज्यघटना, शिक्षण हक्क कायदा. शिक्षकांचा खरा वाद पेटला तो त्या कायद्याच्या कलम १७ वर, म्हणजे शारीरिक शिक्षेला बंदी. ‘मग धाक ठेवायचा कसा?’ यावर चहा गार होईपर्यंत बोलणं झालं. त्यावर कधी वेगळं लिहीन. आज बँकेबद्दल लिहायचंय.

निधीचा पहिला हप्ता खात्यात जमा झाला आणि थोड्याच दिवसांत संस्थेचे खजिनदार वारले. भला माणूस, हिशोबाची वही शेवटपर्यंत स्वतःच्या हातानं लिहायचे. पण खातं उघडताना कधीतरी जुन्या काळी ठराव झाला होता की खजिनदारांची सही सक्तीची, सोबत अध्यक्ष किंवा सचिव. म्हणजे अध्यक्ष आणि सचिव दोघंही धडधाकट असून चेक एकही निघेना. हॉलचं भाडं, छपाई, साधनव्यक्तींचं मानधन, आमची फी, सगळं तिथेच थांबलं. (तुमच्या संस्थेचा असा ठराव असेल तर आजच बदलून घ्या: ‘तिघांपैकी कोणीही दोन’ एवढंच ठेवा.)

सचिवताई शाळेत नोकरीला, अध्यक्षांना जिने चढवत नाहीत. फिरायला मोकळी कोण? सल्लागार! अशी मी त्या बँकेच्या पायरीला लागले. बँकेचं नाव लिहीत नाही. पुण्यातल्या ज्यांचं संस्थेचं खातं आहे त्यांना हे कुठल्याही शाखेत ओळखीचं वाटेल.

कार्यकारिणीची सभा घेऊन नवीन खजिनदार निवडले. सभेची नोटीस, इतिवृत्त, ठराव, नव्या खजिनदारांचं संमतीपत्र, जुन्यांचा मृत्यूचा दाखला, सगळ्यांची पॅन-आधार, संस्थेची घटना, दोन्ही नोंदणी प्रमाणपत्रं. दोन्ही म्हणजे १८६० च्या कायद्याखाली सोसायटीचं आणि १९५० च्या कायद्याखाली ट्रस्टचं. आपल्याकडे अशा बहुतेक संस्थांची दुहेरी नोंदणी असते आणि काउंटरवरच्या माणसाला प्रत्येक वेळी ती नव्यानं समजावावी लागते. फाईल घेऊन गेले. साहेबांनी पानं चाळली आणि म्हणाले, ‘शेड्यूल वनचा उतारा आणा, नव्या नावासकट.’

मागणी गैर नव्हती. शेड्यूल वन म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदवहीचा उतारा, विश्वस्तांची नावं त्यात असतात. नाव बदलायचं तर चेंज रिपोर्ट दाखल करायचा, बदल झाल्यापासून ९० दिवसांत. उशीर झाला तर विलंबमाफीचा अर्ज वेगळा. आमच्या वकीलबाईंनी तो वेळेत ऑनलाइन टाकला, सुनावणीला स्वतः गेल्या आणि तात्पुरत्या मान्यतेचा आदेश घेऊन आल्या. १९५० च्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर ही सोय झाली आहे: विश्वस्तांच्या नावातला बदल आधी तात्पुरता मान्य करतात, मग हरकतींसाठी नोटीस निघते, ३० दिवसांत कोणाची हरकत आली नाही की तोच आदेश कायम होतो. संस्थेचा गाडा अडू नये, हाच त्यामागचा हेतू.

आदेशाची नक्कल घेऊन मी जवळजवळ धावतच शाखेत गेले.

‘यात तात्पुरतं लिहिलंय.’
‘हो सर, कायद्यात तशीच तरतूद आहे.’
‘मग कायमचं झालं की या.’

मी वकीलबाईंना तिथूनच फोन लावून दिला. त्या म्हणाल्या, निवड सभेत झाली, चेंज रिपोर्ट ही त्या निवडीची नोंद आहे, शिवाय आदेश आजच्या तारखेला लागू आहे. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि फोन परत देताना म्हणाले, ‘मॅडमचं बरोबर असेल, पण आमची चेकलिस्ट आहे.’ चेकलिस्ट दाखवा म्हटलं तर ती ‘इंटर्नल’. मग फाईल कुठल्याशा प्रोसेसिंग सेंटरला गेली. तिथून ‘लीगल’कडे. तेवढ्यात साहेबांची बदली झाली आणि नव्या साहेबांनी ती पहिल्या पानापासून वाचायला घेतली. त्यांना इतिवृत्तावर सगळ्या हजर सभासदांच्या सह्या हव्या होत्या. त्या होत्याच, मागच्या पानावर.

एव्हाना १० डिसेंबर जवळ येत चाललेला. हॉलवाल्यांना मी शब्द दिला होता, छपाईवाले काका रोज संध्याकाळी ‘ताई, कागद घेऊन ठेवू का?’ म्हणून विचारत. सीएसआरवाली मुलगी गोड आवाजात खर्चाचा तिमाही अहवाल मागत होती. खर्च शून्य, अहवाल काय देणार?

त्यात टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्यानं आधीच कापून सरकारला भरायचा कर. आमचं बिल हिशोबनीसांनी पुस्तकात टाकून ठेवलेलं. व्यावसायिक शुल्कावर १० टक्के टीडीएस लागतो आणि तो पैसे देताना किंवा पुस्तकात जमा धरताना, जे आधी घडेल तेव्हा. म्हणजे आमच्या हातात दमडी नाही, आणि संस्थेवर मात्र पुढच्या महिन्याच्या ७ तारखेला कर भरायची जबाबदारी! उशिराला महिन्याला दीड टक्का व्याज. एक महिना गेलाच. मग सीएनी सांगितलं की चलनावर संस्थेचा टॅन (कर कापणाऱ्याचा नंबर) असला की पैसे कोणाच्याही खात्यातून भरता येतात. सचिवताईंनी आपल्या पगारातून भरले. हे आधी कोणी सांगितलं असतं तर व्याज वाचलं असतं.

शेवटी मी तेच केलं जे कार्यशाळेत शिक्षकांना सांगत होते: नकार तोंडी घेऊ नका. मराठीत एक पानी पत्र लिहिलं. सोबत आदेशाची नक्कल, कायद्यातल्या तरतुदीची प्रत आणि खाली एवढंच की, खातं चालू करता येत नसेल तर कोणत्या नियमानुसार, ते कृपया लेखी कळवावे. पोच घेतली. शिक्का नाही म्हणाले, मी बाकावर बसून राहिले, शिक्का सापडला. तेच पत्र बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलनं पाठवलं. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा समाधान केलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. पण आधी बँकेकडे लेखी तक्रार हवीच, त्याशिवाय तिकडे घेत नाहीत. म्हणून पहिल्या नकारालाच पत्र द्या, घड्याळ तिथून सुरू होतं. गोड बोलण्यात महिने जातात.

पत्राचा परिणाम झाला का? झाला, असं मी तरी छातीठोक सांगते. मैत्रीण म्हणते, हरकतींची मुदत संपून आदेश कायम झाला म्हणून काम झालं. दोन्ही गोष्टी एकाच सुमारास घडल्या, त्यामुळे हा वाद मिटणार नाही. पण जी शाखा माझा फोन उचलत नव्हती तिथून स्वतःहून फोन आला, हे तिनेही ऐकलंय.

फोनवर नवीन मागणी होती. सगळ्या विश्वस्तांचं री-केवायसी, म्हणजे ओळख-पत्त्याची पुन्हा तपासणी, प्रत्यक्ष हजर राहून. एक विश्वस्त साताऱ्याला असतात, ऐंशीच्या पुढचे, निवृत्त मुख्याध्यापक. मी त्यांना फोन करताना ओशाळले होते. ते एसटीनं स्वारगेटला उतरले, रिक्षा करून शाखेत आले, फॉर्म वाचायला चष्मा लावला आणि त्यातली पत्त्याची चूक साहेबांना दाखवून दुरुस्त करून घेतली. साहेब ‘हो सर, हो सर’ करत होते. मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

१० डिसेंबरची कार्यशाळा झाली. हॉलचं भाडं अध्यक्षांनी उसनं दिलं, छपाईवाल्या काकांनी उधारीवर पुस्तिका दिल्या. आमची फी फार नंतर आली, टीडीएस कापून, आणि कापलेल्या कराचा दाखला, म्हणजे फॉर्म १६ए, मागूनच घ्यावा लागला. उसनवारीबद्दल एक: पदाधिकारी खिशातून खर्च करणार असतील तर तसा ठराव आधी घ्या, पावत्या संस्थेच्या नावानं घ्या, नाहीतर लेखापरीक्षणात परतफेडीवरून प्रश्न येतात.

हे एक राहिलं. आमची संस्था परदेशी निधी घेत नाही. ज्यांची एफसीआरएखाली (परदेशी निधीच्या कायद्याखाली) नोंदणी आहे त्यांच्यासाठी करारातलं कामाचं वर्णन महत्त्वाचं. २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली, आणि कायदेशीर व व्यावसायिक शुल्क त्यातच धरतात. मुख्यतः प्रशिक्षण किंवा संशोधन करणाऱ्या संस्थेत प्रशिक्षण देणाऱ्यांचं मानधन मात्र त्यात मोजत नाहीत. तेव्हा नुसतं ‘सल्लासेवा’ लिहून मोकळं होऊ नका, किती सत्रं, कोणासाठी, काय शिकवायचं ते लिहा. संस्थेच्या सीएला करार सहीआधी दाखवा, नंतर नाही.

आता खात्यावर तिघांपैकी कोणीही दोन सही करू शकतात. नेट बँकिंगचा अर्जही त्याच दिवशी दिला होता. त्याला वेगळा ठराव लागतो, असं परवा कळवलंय.