ओळखीचे चेहरे, अनोळखी आखाडा

'सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट' हा मारामारीचा व्हिडिओ गेम पहिल्यांदा उघडणारा माणूस आधी चेहरे बघत बसतो. मारिओ, पिकाचू, सोनिक, पॅकमॅन, शिवाय 'स्ट्रीट फायटर'मधला रियू. एरवी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभी न राहणारी ही वेगवेगळ्या कंपन्यांची मंडळी इथे एकमेकांना मनसोक्त बदडतात. २०१८ साली निन्टेंडो स्विच या खेळयंत्रावर आलेल्या या खेळात पुढे भर पडत पडत ८९ लढवय्ये झाले. सुरुवातीला हाती येतात ते मात्र आठच, आणि तेच बरं आहे. कारण मारिओ आपल्या कितीही ओळखीचा असो, आपण त्याच्या ओळखीचे नसतो.

पहिली गफलत आकड्यांची. इथे जीव दाखवणारी पट्टी नाही, टक्के आहेत. मार बसला की टक्के वाढतात आणि वाढलेल्या टक्क्यांमुळे पुढच्या फटक्याला गडी अधिक लांब उडतो. कुस्तीत चितपट करतात, इथे आखाड्याबाहेर भिरकावतात. पडद्याच्या हद्दीपलीकडे गेला की एक जीव गेला. म्हणून दीडशे टक्क्यांवरचाही टिकून राहतो आणि कडेशी उभा असलेला साठावर जातो. वजनाचाही हिशेब आहे: बाउझर सगळ्यांत जड, पिचू सगळ्यांत हलका.

नवख्याचे बहुतेक जीव मात्र शत्रू घेत नाही, त्याची स्वतःची घाई घेते. स्टेजबाहेर फेकला गेला की तो घाबरून हवेतली दुसरी उडी तिथल्या तिथे मारतो, पाठोपाठ 'वर अधिक स्पेशल' दाबतो, म्हणजे कंट्रोलरची काडी वर ढकलून खास चालीचं, 'स्पेशल'चं, बटण दाबतो, आणि कडेपासून वीतभर अंतरावर हातपाय गळून खाली जातो. बहुतेक पात्रांना त्या स्पेशलनंतर जमिनीला किंवा कडेला टेकेपर्यंत काहीच करता येत नाही. क्रम असा हवा: आधी काडी स्टेजकडे दाबून नुसतं सरकायचं, मग दुसरी उडी, आणि स्पेशल अगदी शेवटी.

त्यात आणखी एक छुपा चोर. मूळ सेटिंगमध्ये नुसती काडी वर ढकलली तरी उडी लागते, त्यामुळे स्पेशलसाठी काडी वर नेली आणि बटण जरा उशिरा दाबलं की राखून ठेवलेली उडी आधी खर्च होते. कंट्रोल्समध्ये जाऊन काडीची उडी बंद करावी. उडीसाठी एक्स आणि वाय ही बटणं आहेतच. दोन्ही एकदम दाबली तर छोटी उडी लागते. स्मॅश या जोरदार फटक्यासाठी काडीचा झटका आणि बटण एकाच वेळी साधत नसेल तर उजवी काडी वापरावी, त्यात कमीपणा काही नाही.

कडेला लोंबकळल्यावर क्षणभर मार लागत नाही. त्या अवधीत वर चढणं, उडी, लोळण किंवा हल्ला यांतलं काहीतरी निवडायचं. नवखा दर वेळी लोळणच घेतो आणि समोरचा दुसऱ्याच खेपेला तिथे जाऊन उभा राहतो. कड सोडून जमिनीला न टेकता पुन्हा पकडली तर ते संरक्षण मिळत नाही.

ढाल फटका अडवते, पकड ढालीला भारी पडते, आणि पकडायला आलेल्याला फटका आधी लागतो. ढाल धरून ठेवली की लहान होत जाते; फुटली तर भोवळ येऊन उभं राहावं लागतं, म्हणजे समोरच्याची चंगळच.

पहिलं पात्र म्हणून कर्बी घ्यावा. तो हलका असल्याने लवकर उडतो, हातही तोकडे, पण हवेत पाच उड्या मिळतात म्हणजे चुका पचतात. रियू थोडा लांबच ठेवावा. त्याचे वार नुसत्या बटणाने निघतात खरे, पण पूर्ण जोर हवा तर काडी ठरावीक क्रमाने फिरवण्याच्या खुणा पाठ हव्यात.

सरावाला ट्रेनिंगमध्ये जावं. तिथल्या स्टेजवर अंतर मोजता येईल अशा चौकटी आखलेल्या असतात. मुद्दाम कडेवरून उतरायचं, दुसरी उडी वापरायची नाही, आणि किती चौकटी खाली गेल्यावरही नुसत्या स्पेशलने कड हाताला लागते ते बघायचं. मारिओचा आकडा एक निघतो, 'झेल्डा'मधल्या लिंकचा दुसरा.