येलो

बीड जिल्ह्यात अंगणवाडी चालवायची म्हणजे दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला कारखान्यावर जातं आणि राहिलेली पोरं आज्यांच्या पदराला. परवा वजनं घेताना सव्वातीन वर्षांचं एक पोरगं असंच आलं. आधीचे दोन हंगाम ते आईबापासोबत खोपीवर होतं, यंदा मागं ठेवलेलं.

"बाई, लई हुशार हाय. इंग्लिश बोलतंय," आजी म्हणाली.

मी पिवळा मणी धरला. "येलो." लाल धरला. "रेड." वन टू टेन, तेही कार्टूनच्या चालीत. मग त्याला तहान लागली. त्यानं माझं मनगट धरलं आणि माठापर्यंत ओढत नेलं. बोट दाखवलं नाही, 'पाणी' नाही, माझ्या तोंडाकडं बघितलंही नाही. माझा हात म्हणजे त्याला नुसतं ओगराळं.

नावानं तीनदा हाक मारली, ढिम्म. तेवढ्यात माझ्या मोबाईलची टिंग वाजली आणि गर्रकन वळलं. तरी कानाची तपासणी लिहूनच दिली. बोलायला उशीर म्हटलं की आधी कान.

फडाच्या कडेला बाजेवर पोर, पोराच्या हातात मोबाईल. ते पाचटात, ट्रॅक्टरखाली जाऊ नये म्हणून. त्या आईला नावं ठेवणाऱ्यांनी एक दिवस मोळ्या बांधून बघाव्यात. डॉक्टर म्हणतात, दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच, पाचपर्यंत फार तर तासभर, तेही कुणी सोबत बसून. फडात सोबत बसणार कोण?

मोबाईलनंच झालं की मुळात काही वेगळं आहे, ते जिल्ह्याच्या डीईआयसीत, म्हणजे पोरांच्या वाढीतल्या अडचणी लवकर तपासतात त्या सरकारी केंद्रात, बघतील. मला खुपतंय ते दुसरंच. पावसाळ्यात याची आई टीएचआर, म्हणजे घरी न्यायचा पोषण आहार, न्यायला आली होती. पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर तिचा चेहरा जुळेना, नेटवर्क येईना, अर्धा तास मी तिला "डोळे मिचकाव" म्हणत बसले. पोरगं शेजारीच, मोबाईलवर एबीसीडी म्हणत. 'हुशार आहे' असं मीच तिला म्हणाले होते.

आता रोज ग्लास माझ्या तोंडाशी धरून थांबते. काल त्यानं ग्लासाकडं पाहिलं, मग क्षणभर माझ्याकडं.

"पाणी," मी म्हणाले.

"येलो."

ग्लास पिवळाच होता. मी पाणी दिलं.