सायबाच्या फेस्ताला, चोर्ल्याच्या वाटेनं

वारी म्हटली की आमच्याकडंही आषाढच आठवतो. पण नोव्हेंबर सरता सरता बेळगाव-खानापूर भागातून आणखी एक वारी निघते, जुन्या गोव्याला, 3 डिसेंबरच्या फेस्ताला, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाला. गोव्यात त्याला सायब म्हणतात. पुढं लाकडी क्रूस, मागं जपमाळ म्हणणारी माणसं, सगळ्यात मागं अंथरुणं घेतलेला टेम्पो. जांबोटीला टपरीवाल्या आजोबांनी विचारलं, "कुठं चाललासा?" सायबाकडं म्हटल्यावर चहाचे पैसे घेईनात. पंढरीला जाताना त्यांच्याकडूनही कुणी घेत नाही, म्हणाले.

नाताळाआधीचे चार रविवार आगमनकाळाचे. त्यातला पहिला यंदा वाटेतच आला. फादरांनी प्रवचनात सांगितलं, धीर धरा.

आता बेळगावच्या माणसाला हे काय सांगायचं? 1956 ला राज्यांची फेररचना झाली आणि बेळगाव महाराष्ट्राबाहेर राहिलं, तेव्हापासून आम्ही दुसरं काय केलंय? सीमाभागाचा महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला 2004 साली. दलित ख्रिस्ती लोकांची याचिकाही त्याच साली गेली. दोन्हीकडं माझं नाव आहे, असं मी चेष्टेनं म्हणतो. राष्ट्रपतींच्या 1950 च्या आदेशानं अनुसूचित जातीची सवलत फक्त हिंदूंना ठेवली. पुढं 1956 ला शीख आले, 1990 ला बौद्ध. आमच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या चुलतभावानं बुद्ध. त्या घरातली पोरं सवलतीवर शिकली, चांगलं झालं. आम्हाला कचेरीतून उत्तर आलं की ख्रिस्ती माणसाला जात नसते. गावात हे कुणी कळवलेलं नाही. दोन्ही घरं वेशीबाहेर एकाच भिंतीला लागून आहेत.

मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीत मुक्काम पडला. इथल्या कळसा नाल्याच्या पाण्यावरून गोवा आणि कर्नाटक भांडतात, म्हणजे थांबून राहिलेले खटले इथं पाण्याचेही आहेत. रात्री शाळेच्या व्हरांड्यात मरियेचं स्तोत्र म्हटलं. मूल अजून पोटात आहे, हेरोद राजा गादीवर तसाच बसलाय आणि ही खेड्यातली पोरगी गातेय की देवानं अधिपतींना राजासनावरून ओढलं, भुकेल्यांना पोटभर दिलं, धनवानांना रिकाम्या हातानं लावून दिलं. होईल नव्हे, झालं! आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, "चित्रात हिला खाली मान घातलेली काढतात. आणि तोंड बघा हिचं!"

मला आगमनकाळ कळतो तो असा. धीर ज्याच्याकडं गादी आहे त्यानं सांगायचा नसतो.

सायब स्वतः वाट बघतच गेला. 3 डिसेंबर 1552, चीनच्या किनाऱ्याजवळचं सान्सियान बेट. पलीकडं नेणारी होडी आलीच नाही. तिथं तो मला जवळचा वाटतो. पण 1546 साली पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणारं न्यायालय, मागणाराही तोच, आणि ते त्याच्या माघारी 1560 ला आलं. फेस्ताला जाताना हे बोलू नये असं काहींना वाटतं. मी बोलतो आणि चालतोही.

चोर्ला घाटाचा उतार लागला तशी काकूंनी पिशवीतून वही काढली. 1950 चा तो आदेश 10 ऑगस्टचा, म्हणून तो आमचा काळा दिन. सीमाभागाचा 1 नोव्हेंबरचा आहेच, तो वेगळा. पुढच्या ऑगस्टला कोण कोण येणार, त्या प्रत्येकाला गाठून विचारत होत्या. एकानं शेतीची कामं सांगितली, त्याला भावाचं नाव द्यायला लावलं. केरी येईपर्यंत दोन पानं भरली. फादरांचं नाव त्यांनी न विचारताच लिहिलं, सगळ्यात वर.