टेकडीवरची पफबॉल अळंबी

आज सकाळी पाऊस उघडल्यावर वेताळ टेकडीवर गेलो असताना ग्लिरिसिडियाच्या कुजक्या पाल्यात बोराएवढ्या, पांढरट पफबॉल अळंब्यांचा घोळका दिसला. त्यातली एक पिकून तपकिरी झाली होती. फांदीवरून ओघळलेला थेंब नेमका तिच्यावर पडला आणि माथ्यावरच्या छिद्रातून बीजाणूंचा बारीक धूर उठला. आजवर केवळ वाचलेली ही गोष्ट डोळ्यांसमोर घडताना पाहून मी जागीच थबकलो.

एक कोवळी अळंबी उभी चिरली. आत ओल्या खोबऱ्यासारखा पांढराशुभ्र, एकसंध गर होता, छत्रीची पुसटशीही आकृती नव्हती. (तशी आकृती दिसली, तर ती विषारी अमॅनिटाची कळी असू शकते, म्हणून टेकडीवरची अळंबी कोणीही हौसेखातर शिजवू नये.)

बीजाणू पोटातच पिकवणाऱ्या अशा साऱ्या कवकांना पूर्वी गॅस्टेरोमायसीट्स या एकाच वर्गात बसवले जाई. डीएनएच्या अभ्यासाने तो वर्ग मोडीत निघाला: लायकोपर्डॉन ही खरी पफबॉल बाजारातल्या बटण मशरूमच्या अगॅरिकेलीज गणात गेली, तशीच दिसणारी पण आतून जांभळट काळी होणारी स्क्लेरोडर्मा बोलेटेलीज गणात, तर चांदणीसारखी उमलणारी जिएस्ट्रम तिसऱ्याच गणात. म्हणजे बीजाणू झाकून ठेवण्याची ही रीत कवकांमध्ये स्वतंत्रपणे, अनेकदा उत्क्रांत झाली, आणि मला हेच सर्वांत विलक्षण वाटते.

माझ्या अळंबीची नेमकी जाती आत्ताच लिहीत नाही. त्यासाठी तिचे बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला हवेत.