मासे आधी, खड्डा नंतर

तळ्याची जागा बघायला म्हणून बोलावलं होतं. काका मला आधी घेऊन गेले ते जिन्याखाली. तिथे एका प्लास्टिकच्या टाकीत वीतभर लांबीचे दहा कोई, म्हणजे रंगीत जपानी कार्प मासे. "तळं होईपर्यंत इथेच ठेवू म्हटलं." तळ्याची अजून कुदळही पडली नव्हती.

पाणी तपासलं. चाचणीच्या नळीत पिवळा रंग राहायला हवा, तो बघता बघता हिरवा झाला. म्हणजे अमोनिया, माशांना विषच. मासे तो कल्ल्यांतून सतत सोडतात, आणि त्याचं नायट्राइट व पुढे नायट्रेट करणारे जिवाणू नव्या टाकीत नसतातच. ते जमायला चार ते सहा आठवडे लागतात. हे विकणारा कधी सांगत नाही, त्याला मासे खपवायचे असतात. खाणं बंद, एअर पंप चालू, क्लोरीन घालवलेल्या पाण्याने रोज थोडं थोडं पाणी बदलायचं. काकू म्हणाल्या, "अहो, पण भुकेले दिसतात." कोई कायमच भुकेले दिसतात.

मग आर्किटेक्टचं ड्रॉइंग उघडलं. धबधबा, दगड, कमळं, सगळं देखणं. लांबी चार मीटर, रुंदी तीन, खोली फक्त ४५ सेंटिमीटर. फिल्टरचा पत्ता नाही. यांना पाणी म्हणजे निळा रंग! हिशेब करून दाखवला: ५,४०० लिटर. कोई वाढून ६० सेंटिमीटरचा होतो. एकामागे निदान हजार लिटर, असा आमचा ढोबळ आडाखा. दहा मासे बसणार कुठे? खोली दीड मीटर केली की त्याच जागेत १८,००० लिटर मावतात. पाणी चटकन तापत नाही आणि बगळ्याला उभं राहायला उथळ काठही मिळत नाही.

माझा खरा हट्ट बॉटम ड्रेनचा असतो. तळाला चहूबाजूंनी उतार, मधोमध ड्रेन, तिथून चार इंची पाइप थेट फिल्टरच्या टाकीत. ही टाकी तळ्याच्या पाण्याच्या पातळीलाच गाडायची, म्हणजे घाण आपसूक वाहत येते. पंप फिल्टरच्या नंतर. आधी लावला तर तो विष्ठेचा पार लगदा करतो आणि मग ती गाळता गाळली जात नाही. ड्रेनचा पाइप लायनर, म्हणजे तळ्यातलं पाणी धरणारी शीट, अंथरण्याआधीच टाकावा लागतो. दगड नंतर कधीही रचता येतात.

जागेवरून मात्र अडलं. काकांना तळं खिडकीसमोर हवं, आणि तिथेच मोठं झाड. पानगळ, मुळं, सगळं सांगून झालं. काका म्हणाले, "जे घरातून दिसणारच नाही, ते तळं करू कशाला?" यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. शेवटी जमिनीवर होजपाइप टाकून आकार फांद्यांच्या बाहेर सरकवला; वारा पानं ज्या काठाला ढकलतो, तिथे वर तरंगणारा कचरा ओढून घेणारा स्किमर.

तळ्याच्या फिल्टरसाठीचं थोडं मीडिया, म्हणजे ज्यावर जिवाणू वाढतात ते साहित्य, आत्ताच जिन्याखालच्या टाकीवर चालवायला दिलंय. तिथे जिवाणू धरले की तेच मीडिया तळ्यात जाईल, सुरुवात शून्यापासून नको.

परवा काकांचा फोन आला. आर्किटेक्ट दीड मीटरला तयार झालाय, पण फिल्टरच्या जागी त्याला बाक हवाय. बाकाखाली टाकी बसते का, ते मोजतोय. झाकण एका माणसाला उचलता आलं पाहिजे, नाहीतर ती कोणी साफ करणार नाही.