कोणत्या पानावर आहात?

आमच्या वाचक मंडळाच्या वार्षिक मेळाव्याला येणाऱ्या प्रत्येकाला दारात पहिला प्रश्न हाच असतो. खुशाली मागाहून. गेली अठरा वर्षं दाराशी नोंदवही घेऊन मीच बसते. वहीत तीन रकाने आहेत: नाव, पुस्तक, पान. तिसरा रकाना रिकामा सोडलेला मला चालत नाही. कुणी म्हणालं, ‘परवाच वाचून संपवलं’, तर मी म्हणते, छान झालं, आता हातात कुठलं आहे ते सांगा.

आमचा नियमच तसा आहे. संपलेल्या पुस्तकावर बोलायचं नाही. परीक्षेसाठी, कामासाठी किंवा कुणाला बरं वाटावं म्हणून वाचायला घेतलेल्या पुस्तकावरही नाही. सध्या आवडीनं जे वाचताय ते खुणेच्या कागदासकट घेऊन यायचं आणि त्या खुणेपर्यंतचंच सांगायचं. वेळ पाच मिनिटं.

स्वागत, प्रास्ताविक, मागच्या वर्षीचा अहवाल, जमाखर्च हे सगळं रीतसर होतं. अहवाल मीच वाचते आणि भरभर वाचते. त्यानंतर कुणीतरी उठतं, खुणेच्या पानात बोट घालून उभं राहतं, आणि माझ्या लेखी तिथून मेळावा सुरू होतो.

पुस्तक संपलेलं असलं की माणसाचं मत बनून गेलेलं असतं. तो निकाल सांगतो. पुस्तकात अर्ध्यावर असलेल्या माणसाचं बोलणं निराळं असतं. त्याला घोर लागलेला असतो. ‘त्या बाईनं ते पत्र जाळायला नको होतं हो,’ असं तो शेजारच्या घरातली गोष्ट सांगावी तसं सांगतो. अंदाज बांधतो, मग स्वतःच म्हणतो, नाही, तसं होणार नाही. नाव आठवेना की पानं मागं चाळतो, आणि चाळता चाळता एखादं वाक्य दिसलं की आपण बोलतोय हे विसरून तिथंच वाचत उभा राहतो. आम्ही सगळे थांबतो. अशा थांबण्याची मी वर्षभर वाट पाहते.

तिसऱ्या रकान्यावरून वादही झाले. एका वर्षी एक तरुण म्हणाला, ‘पान नाही सांगता येणार, सदतीस टक्के झालंय.’ तो किंडलवर वाचत होता. जुन्या सभासदांना हे पटेना. मी टक्के लिहिले. पुढच्या वर्षी एक गृहस्थ म्हणाले, ‘चार तास दहा मिनिटं राहिलीत.’ ते प्रवासात पुस्तक ऐकत होते. ऐकणं म्हणजे वाचणं का, यावर अर्धा तास गेला. पण बोलायला उभे राहिल्यावर त्यांनी एका प्रसंगातला सगळा संवाद न अडखळता सांगितला, कोण कुठं थांबलं ते सुद्धा. मी ‘४ तास १० मिनिटं बाकी’ असं लिहिलं आणि ते बरोबरच केलं असं मला आजही वाटतं.

आणि आमचे सर. त्यांना दिसत नाही. पहिल्यांदा आले तेव्हा काखेत एक जाडजूड बाड होतं आणि तो त्यांच्या कादंबरीचा नुसता तिसरा खंड होता. ब्रेलचं अक्षर बोटाला लागावं लागतं, म्हणून ते बारीक करता येत नाही आणि कागदही जाड लागतो. त्यामुळे छापील एका पुस्तकाचे तिथं कितीतरी खंड होतात. लुई ब्रेलनं सहा टिंबांची ही लिपी १८२४ साली बसवली तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता, हेही सरांनीच सांगितलं. मागं बसलेल्या पंधरा-सोळाच्या मुलांनी त्यावर एकमेकांकडे पाहिलं. मग सर वाचू लागले. आपण वाचताना मान खाली घालतो, ऐकणाऱ्याला आपलं कपाळ तेवढं दिसतं. सरांची बोटं पानावर फिरत होती आणि चेहरा पूर्ण आमच्याकडे होता. इतकं समोरासमोर मला कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

पण जपून ठेवलेली आठवण म्हणाल तर ती ‘पाडस’ची. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची ही कादंबरी १९३८ सालची, पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं. राम पटवर्धनांनी ती मराठीत अशी आणली की ती मुळातली इंग्रजी हे आमच्यातल्या कित्येकांच्या ध्यानातही नसतं. त्या वर्षी आठवीतली एक मुलगी प्रथमच आली होती. पुस्तक छातीशी धरलेलं, खुणेला शाळेच्या वहीचा फाडलेला कोपरा. जंगलाकडेला राहणारा एकटा मुलगा, त्याला मिळालेलं हरणाचं पिल्लू, ते कसं त्याच्या मागं मागं फिरतं, हे ती सांगत होती. सांगताना तिचा हात नकळत खाली जायचा, पिल्लाच्या डोक्यावर ठेवावा तसा. शेवटी म्हणाली, ‘मला वाटतं, आता ते दोघं असेच मोठे होतील. होतात ना हो?’

सभागृहात निदान वीस जण तरी असे होते ज्यांनी ‘पाडस’ वाचलं होतं. मी सगळ्यांकडे पाहिलं. कुणी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. पहिल्या रांगेतल्या निवृत्त शिक्षिका बाईंनी चष्मा काढला आणि पदरानं पुसत राहिल्या. पाच मिनिटं केव्हाच उलटली होती, घंटा वाजली नाही. ग्रंथपाल काका तेवढे बोलले: ‘बाळ, तू वाच. पुढच्या वर्षी तूच आम्हाला सांग.’

पुढच्या वर्षी ती आली. हातात दुसरं पुस्तक होतं. ते उघडण्याआधी पहिल्या रांगेकडे वळून म्हणाली, ‘तुम्हा सगळ्यांना माहीत होतं.’ बाई म्हणाल्या, ‘हो गं.’ त्यावर दोघी काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी मी तिच्या नावापुढे नवं पुस्तक लिहिलं आणि त्याखाली ‘पाडस’ पुन्हा लिहून पानाच्या रकान्यात ‘पूर्ण’ असं घातलं. अठरा वर्षांच्या वह्यांत हा शब्द तेवढ्या एकाच ठिकाणी आहे.

‘श्यामची आई’ घेऊन आलेले वडील आणि मुलगा हेही सांगायला हवेत. रोज झोपताना एक रात्र वाचायची असं त्यांचं चाललं होतं आणि मेळाव्याच्या दिवशी ते सतराव्या रात्रीवर होते. पुस्तकात ४२ रात्री. मुलानं बोटांवर हिशेब करून सांगितलं, अजून पंचवीस दिवस. आणि मग माइकमध्येच वडिलांना विचारलं, ‘त्यानंतर काय?’

आता मनात सलतं ते. सभासदांच्या यादीत शंभराच्या आसपास नावं आहेत आणि सतरंजीवर चाळीस माणसं बसतात. दोन महिने आधी तारीख कळवूनही असं होतं. ‘सध्या काही वाचत नाहीये, मग येऊन काय करू’, असं म्हणून न येणारे मला सर्वांत जास्त लागतात. त्यांच्यासाठीच तर हा दिवस आहे. आलेले निम्मे लोक घरी जाताना नव्या पुस्तकाचं नाव हातावर लिहून नेतात. मुलांचं बोलून झालं की त्यांना घेऊन उठणारे आईबाप आहेत. मुलांनी मोठ्यांचं ऐकायचं कधी मग? आणि एका वर्षी बोलावलेले प्रमुख पाहुणे वाचन कसं संपत चाललंय यावर पाऊण तास बोलले आणि पहिला वाचक उभा राहायच्या आत निघून गेले. त्यांना थांबवून समोरचे चाळीस खुणेचे कागद दाखवावेत असं मला फार वाटलं होतं. तेव्हापासून आम्ही पाहुणे बोलावत नाही.

हे सगळं ज्यांच्यामुळे उभं राहतं त्यांची आठवण काढताना मला दर वर्षी धास्ती वाटते. ग्रंथपाल काका मेळाव्याच्या आठवड्यात परत करायची तारीख कुणालाही विचारत नाहीत. सुटलेली पानं खळीनं चिकटवून, पाठीला कापडाची पट्टी लावून देणाऱ्या काकू आहेत. सतरंज्या घालणारे दोघे भाऊ आणि त्या झटकून घड्या घालणारी त्यांची आई. माइक बघणारा मुलगा, जो हळू बोलणाऱ्याजवळ स्वतः माइक धरून उभा राहतो. सरांना आणणारे आणि घरी सोडणारे शेजारी. फळ्यावर सुलेखन करणारे चित्रकला शिक्षक. उरलेल्या कागदाच्या पट्ट्या कापून खुणेचे कागद करणारी मुलं, पाचवीपासून दहावीपर्यंतची. सभागृह उघडून देणारे आणि सगळे गेल्यावर झाडून घेणारे मामा. एका वर्षी अहवालात त्यांचा उल्लेख राहिला आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘मी दारामागं उभा राहून ऐकतो, माझं पुस्तक तुम्ही लिहिलं नाही ते आधी लिहा.’ लिहिलं.

आणि घंटेवर बसणाऱ्या ताई. एका टेबलाशी आम्ही दोघी इतकी वर्षं बसतो. माझं स्वतःचं बोलणं नेहमी राहायचं, वेळ पुरत नाही म्हणून मीच ते पुढं ढकलायचे. गेल्या मेळाव्यात शेवटचं नाव संपल्यावर त्यांनी माझ्यासमोरची वही ओढून घेतली, पेन काढून घेतलं आणि विचारलं, ‘कोणत्या पानावर आहात?’

माझ्या पिशवीत ‘स्मृतिचित्रे’ होतं, दुसऱ्यांदा वाचायला घेतलेलं. मी उभी राहिले. लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेल्या नव्हत्या. अक्षरं त्या लग्नानंतर शिकल्या, आणि त्यांच्या या आठवणींचा पहिला भाग १९३४ साली छापून आला. पहिल्या वाचनात हे मला नुसतं ठाऊक होतं. या वेळी मात्र एकेका वाक्यापाशी थांबायला होतं, की हे लिहिणाऱ्या हाताला ‘क’ काढायला किती उशिरा मिळाला, आणि तरी वाक्य कसं मोकळं चालतं. इतकं सांगेपर्यंत घंटा झाली. माझं वाक्य अर्ध्यावर होतं, ते तसंच ठेवून मी खाली बसले.

त्या वर्षाच्या शेवटच्या ओळीतलं अक्षर ताईंचं आहे. माझं नाव, ‘स्मृतिचित्रे’, पान ६३.