शाळेने तक्रारीची पोच देईपर्यंत

माझी मुलगी गोव्याच्या डिचोली तालुक्यातील एका शाळेत आठवीत शिकते. गणेश चवथीला आरती म्हणताना काढलेला तिचा फोटो कापून वर्गातल्या मुलांनी त्याचा व्हॉट्सअ‍ॅप स्टिकर केला, तिच्या पुढे आलेल्या दातांवरून त्यावर एक घाणेरडा शब्द लिहिला आणि तो सगळ्या ग्रुपवर फिरवला. पुढे तिच्याच नावाने इन्स्टाग्रामवर खोटे खाते उघडले गेले. ते तक्रार केल्यावर लवकरच बंद झाले. गाडे अडले ते शाळेत.

मुख्याध्यापिकांचे म्हणणे असे की, शाळेत मोबाईलला बंदी आहे आणि हा प्रकार सुट्टीत, घरी घडला आहे, तेव्हा शाळेचा यात संबंध येत नाही. परंतु स्टिकर घरी बनला असला तरी त्यावरचा शब्द मधल्या सुट्टीत आणि शाळेच्या बसमध्ये तिला ऐकवला जात होता. मी लेखी तक्रार घेऊन कार्यालयात गेले. कारकुनाने ती पूर्ण वाचली, पालथी करून पेपरवेटखाली ठेवली आणि "मॅडमना विचारल्याशिवाय पोच देता येणार नाही," असे सांगितले. शिक्का त्यांच्या हाताशीच होता. पुढच्या खेपेला मॅडम बैठकीत होत्या, मग व्यवस्थापन समितीची सभा व्हायची होती, आणि शेवटी "आधी त्या मुलांची नावे पुराव्यासह द्या," अशी अट आली. नावे शोधणे हे चौकशीचे काम आहे. तक्रार दाखल होण्याआधीच ते आईने कसे करावे, हे मात्र कोणी सांगितले नाही.

या दिरंगाईची किंमत मुलगी मोजत होती. सकाळी गणवेश चढवला की तिच्या पोटात दुखू लागे आणि डॉक्टरांना तपासणीत काहीच सापडत नसे. घरात हसू आले तरी ती तोंडावर हात धरू लागली. "शाळेने काय सांगितले?" असे ती रोज विचारायची, "बघतो म्हणाले," हेच उत्तर ऐकून ऐकून तिने विचारणे सोडले. मुले चिडवतात आणि मोठी माणसे साधा कागदही घेत नाहीत, त्या अर्थी दोष आपल्या दातांचाच असणार, अशी तिची समजूत झाली होती. मला सर्वांत जास्त संताप येतो तो याचा.

अखेर तीच तक्रार मी शाळेला स्पीड पोस्टाने पाठवली आणि प्रती पर्वरीच्या शिक्षण संचालनालयाला व गोवा राज्य बालहक्क संरक्षण आयोगाला जात असल्याचे खाली स्पष्ट लिहिले. त्यानंतर शाळेचाच फोन आला. मुलांना पालकांसह बोलावण्यात आले आणि स्टिकर सर्वांसमोर पुसण्यात आले. शाळेने पोच म्हणून दिलेली शिक्क्याची प्रत वाचून मुलीने विचारले, "म्हणजे त्यांना माझे पटले?"

खोटे खाते बंद होण्यापूर्वी त्याच्या नावाचे आणि दुव्याचे स्क्रीनशॉट घ्यावेत. नंतर दाखवायला काही उरत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवणारा आपला संदेश सर्वांसाठी पुसू शकतो, म्हणून तिथलेही स्क्रीनशॉट आधी घ्यावेत, ग्रुप सोडण्याची घाई करू नये. फोटो नग्न किंवा अश्लील केलेला असेल, तर शाळेची वाट न पाहता पोलिसांकडे किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर जावे. अशा प्रकरणात मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा लागू होतो, आणि असे चित्र पुरावा म्हणूनसुद्धा नातेवाइकांना पाठवू नये. मुलांसाठी १०९८ हा मदत क्रमांक आहे. १९३० हा क्रमांक प्रामुख्याने पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी आहे. मुलाचा फोन मात्र काढून घेऊ नये, कारण शिक्षा आपल्यालाच झाली असे वाटून ते पुढचे काही सांगत नाही.

माझ्या मुलीची पोटदुखी थांबली आहे, पण फोटो ती अजून काढू देत नाही आणि तिचे समुपदेशन चालू आहे. रात्री-अपरात्री बोलावेसे वाटले तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

आणखी एक राहिले: स्पीड पोस्टची पावती जपावी आणि पत्र पोहोचल्याची नोंद संकेतस्थळावरून छापून घ्यावी. माझ्याजवळ ती होती, त्यामुळे पत्र मिळालेच नाही असे म्हणण्याची सोय शाळेला राहिली नाही.